६४१ आला कोठून?

संख्यांच्या गमतीजमती सांगणाऱ्या पुस्तकांत एक दहा अंकी संख्या हमखास भेटते : ४२९४९६७२९७. आपल्या पद्धतीने वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्याण्णव. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या तयार होते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही जुनी गोष्ट विद्यार्थ्यांना माहीत असते. त्या पटाच्या तेहेतिसाव्या घरातले दाणे मोजा आणि त्यांत आणखी एक टाका. झाली आपली संख्या.

तिच्याबद्दल पुस्तके जे सांगतात ते साधारण असे : सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याला ही मूळ संख्या वाटत होती. पुढे ऑयलरने दाखवून दिले की तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो. मग दोन ओळींची एक चटकदार सिद्धता येते, आणि शेवटी ‘थोरांच्याही हातून चुका होतात’ हे तात्पर्य.

काही वर्षांपूर्वी मीही अकरावीच्या वर्गात हे असेच सांगितले. सिद्धता फळ्यावर लिहून झाली. वर्ग खूश दिसला, मीही खूश होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, पण भागून बघायला ६४१च घ्यायचा, हे त्यांना सुचलं कसं?” मी म्हणालो, “अगं, ऑयलर होता तो!” वर्ग हसला, तास संपला. ती मुलगी मात्र हसली नाही. मी दिले ते उत्तरच नव्हते, हे तिला तेव्हाच कळले होते. मला कळायला थोडा वेळ लागला. या लेखात त्या सिद्धतेची, आणि ती ज्या रीतीने आपल्यापुढे ठेवली जाते त्या रीतीची, थोडी उलटतपासणी करायची आहे.

दोन ओळींची सिद्धता

प्रथम ती सिद्धताच पाहू. हार्डी आणि राइट यांच्या संख्या-सिद्धांतावरील १९३८ सालच्या विख्यात ग्रंथातही ती आहे. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते :

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

पहिल्या ओळीवरून दिसते की ६४० ला ६४१ ने भागू लागलो तर एक कमी पडतो. म्हणजे बाकी −१ आहे असे म्हणू. बाक्यांचा गुणाकार नेहमीच्या गुणाकारासारखाच चालतो. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १ येईल. आता ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. तेव्हा त्याचा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. दुसऱ्या ओळीवरून ६२५ ची बाकी −१६, आणि १६ म्हणजे २ चा ४ था घात. ६२५ च्या जागी −१६ ठेवला की उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ ठरते. याचाच अर्थ २ चा ३२ वा घात अधिक १ याला ६४१ ने नि:शेष भाग जातो.

सिद्धता निर्दोष आहे. एकही लांबलचक भागाकार न करता ती काम उरकते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. ज्याला ६४१ हे उत्तर आधीच माहीत आहे, त्याची खात्री ती चांगली पटवते. परंतु ती उत्तरापासून उलटी लिहिलेली आहे. ६४१ हाती असल्याशिवाय तिची पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही. शिवाय ती फक्त ६४१ पुरती आहे. भागाकारात येणारी दुसरी संख्या ६७००४१७ मूळ आहे की नाही, याबद्दल ती काही सांगत नाही. फर्माच्या यादीतल्या पुढच्या संख्येचे काय करायचे, हेही सांगत नाही. विद्यार्थ्याने ती पाठ केली तर त्याच्या हाती एक जादूचा प्रयोग येतो; दुसऱ्या कुठल्या गणिताला हात घालण्याचे बळ येत नाही.

फर्माचे पत्र

‘फर्मा चुकला’ हे वाक्यही इतके सरळ नाही. १६४० साली फ्रेनिकल या गणितप्रेमी मित्राला लिहिताना फर्माने ३, ५, १७, २५७, ६५५३७, आपली ही दहा अंकी संख्या, आणि तिच्या पुढची वीस अंकी संख्या (२ चा ६४ वा घात अधिक १) अशी यादी दिली, आणि अशा सर्व संख्या मूळ आहेत असे आपल्याला वाटते असे कळवले. पूर्ण सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने त्याच पत्रात सांगितले. मात्र पुष्कळसे विभाजक आपण खात्रीलायक रीतीने बाद केले आहेत, असेही लिहिले. म्हणजे त्याने मांडली ती अटकळ होती, आणि ती अटकळ म्हणूनच मांडली होती. आपल्या पुस्तकांत हा भाग गळतो आणि चूक तेवढी उरते.

‘विभाजक बाद केले’ हे त्याचे शब्द पोकळ नव्हते. त्याच वर्षी त्याने २ चा ३७ वा घात उणे १, म्हणजे १३७४३८९५३४७१, या संख्येला २२३ ने भाग जातो हे शोधले होते, आणि ते अंदाजाने नव्हे. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ७४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असला पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, पुढची २२३. तिने भाग जातो. दोन भागाकारांत काम झाले.

हीच रीत आपल्या संख्येला लावली असती तर ६४१ फर्माच्याच हाती लागायला हवा होता. तो का लागला नाही? आंद्रे वेल या गणितज्ञाने फर्माच्या कामाचा इतिहास लिहिताना तर्क केला आहे की फर्माने ही चाचणी घेतली असावी, तीत कुठेतरी आकडेमोडीची चूक झाली असावी, आणि ती त्याने पुन्हा तपासली नाही. हा तर्क बरोबर असेल तर तात्पर्यही बदलते. ‘थोरांच्या चुका होतात’ यापेक्षा ‘केलेले गणित एकदा तपासून पाहावे’ हे वर्गासाठी अधिक कामाचे आहे.

१७२९ साली गोल्डबाखने पत्रातून ऑयलरचे लक्ष या अटकळीकडे वेधले. १७३२ साली सादर केलेल्या एका छोट्या टिपणात ऑयलरने ६४१ हा विभाजक सांगितला. तो कसा सापडला, याचा खुलासा तेथे नाही. आपल्या पुस्तकांनी हेच टिपण उचलले आणि ते तेथेच थांबली. खरे तर १७५० साली छापलेल्या दुसऱ्या एका लेखात ऑयलरने रीत व्यवस्थित उलगडून दाखवली आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ऑयलरने स्वत:च देऊन ठेवले होते. ते आपण वर्गापर्यंत नेले नाही, एवढेच.

चौसष्टची चाळणी

ते उत्तर अकरावीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगे आहे. आधी एक लहान उदाहरण घेऊ. २, ४, ८, १६ … या घातांना १७ ने भागत गेले तर बाक्या येतात त्या अशा : २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि मग पुन्हा २, ४, ८ … आठ पावलांचे चक्र. ७ ने भागले तर २, ४, १ असे तीन पावलांचे चक्र. फर्माचा एक सुंदर सिद्धांत (तोही १६४० च्याच पत्रांतला) सांगतो की विषम मूळ संख्या ‘प’ ने भागत गेल्यास (प − १) व्या पावलावर बाकी १ येतेच. म्हणून चक्राच्या लांबीने प − १ ला नि:शेष भाग गेला पाहिजे. १७ साठी ८ ने १६ ला, ७ साठी ३ ने ६ ला, असा तो जातोच.

आता समजा, ‘प’ या मूळ संख्येने आपल्या दहा अंकी संख्येला भाग जातो. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. वर्ग केला की ६४ व्या पावलावर बाकी १. म्हणून चक्राची लांबी ६४ ची विभाजक असणार : १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. ती ३२ किंवा त्याहून लहान असती, तर ३२ व्या पावलावर बाकी १ आली असती. पण तेथे तर −१ आहे. तेव्हा लांबी ६४च. आणि ६४ ने प − १ ला भाग गेला पाहिजे. झाले! आपल्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असतो.

या एका वाक्याने केवढी मेहनत वाचते ते पाहा. या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ पेक्षा किंचित मोठे आहे, आणि तेथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. २, ३, ५, ७ पासून आंधळेपणाने सुरुवात केली असती तर ६४१ ची पाळी ११६ वी आली असती. आता फक्त ही रांग पाहायची : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाचच : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१.

२५७ तर न भागताच बाद होते. बुद्धिबळाच्या निम्म्या पटावरचे, म्हणजे पहिल्या ३२ घरांतले, सगळे दाणे मोजले तर ४२९४९६७२९५ भरतात. आणि ही संख्या म्हणजे बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. फर्माच्या आधीच्या पाचही संख्यांचा हा गुणाकार आपल्या संख्येहून फक्त २ ने लहान आहे. २५७ ने दोघींनाही भाग गेला तर २ लाही जायला हवा. ते शक्य नाही.

उरल्या चार. दहा अंकी भागाकारही करावा लागत नाही. २५६ चा वर्ग ६५५३६, आणि त्याचा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात. प्रत्येक पायरीला बाकी तेवढी ठेवायची आणि शेवटी −१ येते का पाहायचे :

१९३ : २५६ ची बाकी ६३, ६३ चा वर्ग ३९६९, बाकी १०९, १०९ चा वर्ग ११८८१, बाकी १०८. नाही.
४४९ : ६५५३६ ची बाकी ४३१, म्हणजेच −१८, त्याचा वर्ग ३२४. नाही.
५७७ : ६५५३६ ची बाकी ३३५; त्याचा वर्ग ११२२२५, बाकी २८७. नाही.
६४१ : ६५५३६ ची बाकी १५४; त्याचा वर्ग २३७१६; आणि ६४१ × ३७ = २३७१७. बाकी −१. सापडला!

६४१ आला तो असा, चौथ्या प्रयत्नात. पाठकोऱ्या कागदाच्या निम्म्या पानावर मावेल एवढे हे गणित आहे. पुढे १८७८ साली ल्यूकाने चाळणी आणखी बारीक केली : विभाजक १२८ च्या पटीपेक्षा एकने मोठा हवा. मग रांगेत २५७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या उरतात. ऑयलरची थोरवी याने कमी होत नाही. ती कशात आहे ते उलट आता दिसू लागते. ६४१ आकाशातून पडला नाही, तो चाळणीतून गळून आला. आणि चाळणी आपल्याला वापरता येते.

रीत हाती असली की

रीत हाती आल्यावर पुढचे प्रश्नही सुटतात. ६७००४१७ मूळ आहे का? तिचा कोणताही मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तोही याच रांगेतला हवा. वर्गमूळ २५८९ च्या आत आहे. आधीच्या चार मूळ संख्या बाद झालेल्याच आहेत. तेव्हा तपासायच्या त्या सात : ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३. (रामानुजनची १७२९ ही संख्याही या रांगेत येते, ६४ × २७ + १, पण ती ७ × १३ × १९ असल्यामुळे सोडून द्यायची.) सातांपैकी एकीनेही भाग जात नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ, आणि आपल्या संख्येचे अवयव पूर्ण झाले. सात गटांना सात भागाकार वाटून दिले की अर्ध्या तासात वर्ग हे सिद्ध करू शकतो.

गमतीच्या पुस्तकांतला आणखी एक नमुना तपासून पाहू. आपली संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते :

६५५३६ चा वर्ग + १ चा वर्ग
६२२६४ चा वर्ग + २०४४९ चा वर्ग

मूळ संख्या अशी दोन प्रकारे कधीच लिहिता येत नाही. म्हणून ही संख्या मूळ नाही, असे त्याखाली छापतात. विधान खरे आहे. पण त्या मुलीचा प्रश्न येथेही विचारावा : ६२२६४ आला कोठून? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. २५ × २५५६ मधून ४ × ४०९ वजा केले की ६२२६४; २५ × ४०९ आणि ४ × २५५६ यांची बेरीज केली की २०४४९. वजाबाकी-बेरीज यांची अदलाबदल केली की ६५५३६ आणि १. म्हणजे छापलेला हा ‘पुरावा’ अवयव सापडल्यानंतर केलेला आहे. असे सांगून तो दिला तर उत्तम. शोध म्हणून दिला तर दिशाभूल.

माझा राग गमतींवर नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षकी करणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) आयुष्यभर अंकांच्या गमतीच केल्या. पण त्यांच्या ६१७४ कडे पाहा. तेथे करायला एक कृती आहे : चार अंक घ्या, चढत्या-उतरत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. प्रत्येक मुलाला आपल्या अंकांपासून तेथे पोहोचता येते आणि ‘असे का?’ हा प्रश्न आपोआप उठतो. आपल्या दहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५९ येते, यात असा कोणताही प्रश्न दडलेला नाही. मात्र १७ पासून पुढे फर्माच्या सगळ्या संख्या ७ वर का संपतात, यात आहे. २ च्या ४, ८, १६, ३२ या घातांचा शेवटचा अंक पाहिला की सातवी-आठवीच्या मुलालाही कारण सापडते. माहितीची यादी आणि शोधाची वाट यांतला फरक संख्येच्या मोठेपणावर अवलंबून नसतो.

मग काय करावे?

‘एवढे सगळे शिकवायला वेळ कोठे आहे?’ असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. दोन ओळींची सिद्धता पाच मिनिटांत होते. चाळणीला दोन तास लागतात. पण त्या दोन तासांत बाक्यांचे गणित, घातांचे नियम, फर्माचा सिद्धांत आणि तर्काने काम कमी करण्याची सवय एवढे हाती लागते. आणि ज्या दिवशी खरोखरच पाच मिनिटे असतील, त्या दिवशी निदान एक वाक्य जोडावे : ही सिद्धता उत्तर सापडल्यानंतर रचलेली आहे, उत्तर सापडले ते वेगळ्या वाटेने. लेखकांनी आणि संपादकांनीही हे वाक्य छापायला हरकत नाही. ते न छापल्याने विद्यार्थ्याची समजूत होते की गणित ज्यांना ‘सुचते’ त्यांचेच असते, आणि आपल्याला सुचत नाही म्हणून ते आपले नाही. ही समजूत एका चुकीच्या भागाकारापेक्षा जास्त नुकसान करते.

ही वाट आजही पुढे जाते. फर्माच्या यादीतली वीस अंकी संख्याही मूळ नाही. तिचा विभाजक २७४१७७, म्हणजे १२८ × २१४२ + १. तिचे अवयव १८८० साली लांद्री याने प्रसिद्ध केले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. २ च्या ३२ व्या घातापासून घातांक दुप्पट करत गेल्यास आपली धरून ओळीने अठ्ठावीस संख्या मूळ नाहीत असे आजवर ठरले आहे. एकोणतिसावी, म्हणजे जिच्यात घातांक स्वत: २ चा ३३ वा घात आहे, तिचा निकाल अजून लागलेला नाही. ६५५३७ च्या पुढे या जातीची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. दुसरीकडे, गाउसने कंपास-पट्टीने काढता येणाऱ्या सुसम बहुभुजाकृतींचा संबंध याच मूळ संख्यांशी जोडला. त्यामुळे निम्म्या पटावरच्या दाण्यांइतक्या, म्हणजे ४२९४९६७२९५ बाजूंची सुसम आकृतीही तत्त्वत: काढता येते. विषम बाजूंच्या अशा ज्ञात आकृतींत ती सर्वांत मोठी.

वर्गात सुरुवात करायची तर २२३ पासून करावी. २ चा ३७ वा घात उणे १ ही संख्या फळ्यावर लिहावी, चक्राची लांबी विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी आणि ७४ ची रांग मांडायला सांगावी. पहिल्या तासाला २२३ सापडेल. दुसऱ्या तासाला ४२९४९६७२९७ लिहून ६४१ चे नावही न काढता खडू मुलांच्या हाती द्यावा. मी आता असेच करतो. ती मुलगी शाळेतून केव्हाच गेली. तिला द्यायचे उत्तर उशिरा का होईना सापडले, ते पुढच्या वर्गांना मिळते आहे.